फुटका हंडा आणि म्हादईचं भांडण

म्हादईचं पाणी कर्नाटकातल्या मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेची फाइल दिल्लीत जरा इकडून तिकडे सरकली की आमच्याकडे ठरलेला खेळ सुरू होतो. पणजीत कुणीतरी उठतं आणि म्हणतं म्हादई आमची आई, एक थेंब देणार नाही. हुबळी-धारवाडात कुणीतरी म्हणतं पाणीवाटपाच्या ट्रिब्युनलनं दिलेलं पाणी आमच्या हक्काचं, कोण अडवतंय बघतो. बेळगावात लोक दोन्हीकडच्या बातम्या वाचतात आणि आपापल्या भाषेप्रमाणं बाजू घेतात, मराठी असेल तर जरा गोव्याकडं झुकतं माप, कन्नड असेल तर धारवाडकडं, आणि ज्या तालुक्यात ही नदी उगवते त्या खानापूरला कुणी विचारत पण नाही की बाबा तुझं काय म्हणणं आहे. सगळे टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात, बोलायलेत. खोऱ्याबद्दल कोण बोलायलंय?

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटी कुणी म्हणायला नको की घुमवून घुमवून आणलं. मलप्रभेचं खोरं नीट सांभाळून दाखवल्याशिवाय म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा कर्नाटकला कायद्यानं हक्क असेल, पण शहाणपणाचा एक पण मुद्दा त्यांच्या बाजूनं नाही. आणि हे गोव्याची वकिली म्हणून बोलत नाही, गोव्याबद्दल पुढं बोलणारच आहे. उद्या हेच पाणी धारवाडऐवजी बेळगावला किंवा निपाणीला येणार असतं तरी हेच म्हटलं असतं. हंडा फुटका आहे तो सांधायचा सोडून शेजारच्या विहिरीवर भांडण काढायचं, असला हा सगळा प्रकार आहे.

खानापूर तालुक्याचा नकाशा एकदा नीट बघा, निम्मा वाद तिथंच कळतो. मलप्रभा कणकुंबीला उगवते, पूर्वेला जाते, ३०० किलोमीटरच्या वर प्रवास करून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई त्याच तालुक्यात देगावच्या जंगलात उगवते, पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला जाते. कळसा नाला कणकुंबीच्या बाजूचा, भांडुरा नेरशाकडचा. म्हणजे दोन वेगळ्या राज्यांच्या दोन वेगळ्या नद्या असं जे चित्र टीव्हीवर दाखवतात तसं काही नाही, एकाच डोंगररांगेचे हे दोन उतार आहेत, एकच पाऊस, एकच जंगल, आणि पावसाळ्यात जंगलाखालच्या मातीत जे पाणी मुरतं तेच पुढं झऱ्या-ओढ्यातनं दोन्हीकडं जातं. आता एका उताराचं पाणी दुसऱ्या उताराला न्यायचं म्हणजे ज्या डोंगरानं दोन्हीकडं पाणी धरून ठेवलंय त्यालाच हात घालायचा. कणकुंबीजवळ कालव्यासाठी खणलेले चर ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आता नव्या आराखड्यात उघडा कालवा नाही, पाणी उपसून पाइपलाइननं न्यायचं म्हणतात, जंगल कमी जाईल म्हणतात. जाईलही कमी. पण उपसलेलं पाणी शेवटी टाकणार कुठं? त्याच मलप्रभेत ना? मग मलप्रभेची अवस्था काय आहे ते बघायला नको?

त्याआधी समोरच्यांचे मुद्दे. आणि ते काय फालतू मुद्दे नाहीत.

पहिला मुद्दा तहानेचा. हुबळी-धारवाडात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे ज्यांचे पाहुणे तिथं आहेत त्यांना माहीत आहे, पिंप भरून ठेवायची, पाहुणा आला की आधी पाण्याचा हिशोब करायचा. पिंप भरणाऱ्या तिथल्या बाईला जाऊन म्हादईच्या जैवविविधतेवर भाषण देणारा माणूस मूर्ख. दुसरा मुद्दा कायद्याचा. ट्रिब्युनल २०१० मध्ये नेमलं, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला, कर्नाटकला एकूण १३.४२ टीएमसी, त्यातलं मलप्रभेत वळवायला कळसा-भांडुराचं मिळून ३.९ टीएमसी. गोव्याला २४ टीएमसी दिलेत. म्हणजे कर्नाटक चोरी करायलंय असं जे बोललं जातं ते सरळ सरळ खोटं आहे, मोजून मापून दिलेलं पाणी आहे. तिसरा मुद्दा मलप्रभेच्या कालव्यावरच्या नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांचा, वर्षानुवर्षं धरण भरत नाही, कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाला पाणी म्हणजे नशिबाचा भाग. २०१५ पासून ते रस्त्यावर आहेत आणि त्यांचा राग खोटा नाही.

सगळं कबूल. आता साधा हिशोब करू, शाळेतलाच. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या साडेनऊ लाखाच्या आत आहे. शहरासाठी सरकारी मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर, तो धरला तर वर्षाला होतात साधारण १.६ टीएमसी. बरं आता लोकसंख्या वाढली, दुप्पट झाली धरा, तरी सव्वातीन टीएमसी. मलप्रभेवरच्या नविलतीर्थच्या धरणाची क्षमता ३७ टीएमसीच्या वर. धरण नुसतं अर्धं भरलं तरी दुप्पट झालेल्या शहराचं पिण्याचं पाणी त्याचा पाचवा हिस्सा पण होत नाही. बाष्पीभवन धरा, तळातलं न निघणारं पाणी धरा, सौंदत्ती-बैलहोंगल-नरगुंद सगळी गावं धरा, तरी पण पिण्याचं पाणी हा त्या धरणातला मोठा हिस्सा होत नाही. मग राहिलेलं पाणी जातं कुठं? हा प्रश्न धारवाडच्या सभेत कुणी विचारल्याचं ऐकलंय का?

पाणी जातं उसात. मलप्रभा प्रकल्प आखला तेव्हा ज्वारी, कापूस, गहू असल्या कमी पाण्याच्या पिकांचा हिशोब होता. आज काय उभं आहे ते बसच्या खिडकीतनं पण दिसतं. आणि यात शेतकऱ्याला शिव्या घालून चालणार नाही, उसाला कारखाना दारात येतो, ज्वारीला कोण येतं? कापसाचा भाव कोसळला तर विचारायला कोण आहे? ज्याला पोरीचं लग्न करायचंय तो खात्रीचं पीक घेणारच, आमच्या खानापूर-बेळगावकडं तरी वेगळं काय चाललंय. पण मग सरळ म्हणा की आम्हाला उसाला पाणी पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा हंडा पुढं करून मागनं ऊस भिजवायचा, आणि कुणी विचारलं तर त्याला कर्नाटकद्रोही ठरवायचं, हा कुठला न्याय?

आणि हे काय आजचं नाही. १९८० सालच्या जुलैत नरगुंद-नवलगुंदला शेतकऱ्यांचा उठाव झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. कशावरनं झाला तो? याच मलप्रभेच्या कालव्यावरनं. कालवा आला म्हणून जमिनीची किंमत वाढली असं धरून सरकारनं बेटरमेंट लेव्ही लावली, पाणीपट्टी लावली, आणि शेवटच्या टोकाच्या शेतात पाणीच पोचलेलं नव्हतं. तेव्हा भांडण कळसा-भांडुराचं नव्हतं. म्हणजे आजार ४० वर्षांहून जुना आहे, वाटपाचा आहे, कालव्याच्या वरच्या टोकाचा माणूस जास्त घेतो आणि खालचा कोरडा राहतो, आणि आम्ही त्याच्यावर औषध म्हणून दुसरी नदी आणायला निघालोय. वरनं आणखी ३.९ टीएमसी ओतलं की ते शेवटच्या टोकाला पोचेल असं कशावरनं? पहिलं पाणी पोचलं नाही ते हे पोचणार?

आता मलप्रभेच्या वरच्या अंगाला या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तिच्यात मलप्रभा आहे, खानापूर ते रामदुर्ग. उगमापासून जेमतेम एक तालुक्याचं ठिकाण लागलं की नदी प्रदूषित यादीत! काठावरच्या गावांचं सांडपाणी ओढ्यातनं नदीत, नदीचं पाणी धरणात, धरणाचं पाणी शुद्ध करून पुन्हा नळात. असोग्याच्या रामलिंगेश्वराला सोमवारी जाऊन या, काठावर निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, फ्लेक्सचे तुकडे, जुने फुटके देवांचे फोटो काचेसकट, आणि त्याच पाण्यात लोक हातपाय धुऊन देवळात जातात. यात गोव्याचा काय संबंध? ट्रिब्युनलचा काय संबंध?

वाळूचं तर विचारूच नका. नदीतली वाळू संपली तशी लोकांनी मातीतनं वाळू काढायला सुरुवात केली. ओढ्याच्या नाहीतर नदीच्या कडेच्या रानात भला मोठा खड्डा काढायचा, डिझेलचा पंप लावायचा, जाड पाइपनं मातीच्या ढिगावर पाणी मारायचं, माती विरघळून वाहून जाते आणि खाली खरखरीत वाळू राहते, ती चाळायची आणि रातोरात ट्रॅक्टर भरायचे. वाहून गेलेली माती कुठं जाते? तांबड्या चिखलाचा एक पाट तयार होतो तो सरळ नदीत. रान कायमचं गेलं, ज्या थरात पाणी मुरायचं तो थर गेला, आणि गाळ चालला खाली नविलतीर्थला. म्हणजे ज्या धरणात पाणी कमी पडतंय म्हणून सगळी बोंबाबोंब आहे त्याच धरणात आम्ही वरनं गाळ भरायलोय. खानापूरची कौलं आणि विटा इथल्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, मातीची भांडी करायचं शिक्षण द्यायची संस्था इथं निघाली ती इथली माती चांगली म्हणून, तेव्हा माती वापरणं हा गुन्हा नाही, ते कुंभार पण वापरतो. पण कुंभार नदी मारून माती घेत नाही.

वारशाची गोष्ट काढली की लोकांना वाटतं हा आता विषय सोडून देवळाकडं चालला. तसं नाही. हलशीला जाऊन बघा, कदंबांची ही दुसरी राजधानी, पाचव्या शतकातले ताम्रपट इथले मिळालेत, आणि बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या काळात भूवराह नरसिंहाचं देऊळ उभं राहिलं, दोन गाभारे समोरासमोर. लक्षात घ्या, गोव्यावर आणि हलशीवर एकच घराणं राज्य करत होतं, घाट त्यांच्या राज्याच्या मधोमध होता. आज घाटावर सीमा आहे, आणि दोन्ही बाजूंना घाट म्हणजे राज्याचं शेवटचं टोक, कोपरा, कुणाच्या नजरेत न येणारा. कोपऱ्यात काय पण टाकलं तरी चालतं अशी घरातली पण सवय असते. खालच्या अंगाला याच मलप्रभेच्या काठावर ऐहोळे, पट्टदकल्लू. पट्टदकल्लू १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच नदीचा पूर तिथल्या देवळांच्या आवारात घुसला. ज्या नदीत पाणी नाही म्हणून चार वर्षं आंदोलन चाललं होतं तीच नदी! पाऊस प्रचंड झाला हे खरं, धरणातनं पाणी सोडायला लागलं हे पण खरं, पण धरणाखाली नदीच्या पात्रात दोन्हीकडनं शेतं सरकत आत आलीत, ऊस लावलाय, नदीला जायला वाटच ठेवलेली नाही, हे पण तितकंच खरं. आमच्या हब्बनहट्टीचा मारुती दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि त्याला काही होत नाही, कारण ज्यांनी तो तिथं पुजला त्यांना नदी वर येते हे माहीत होतं. आत्ताच्या लोकांना नदी वर येते याचंच आश्चर्य वाटतं.

आता गोवा. म्हादई आमची आई म्हणणाऱ्यांनी आईला कसं ठेवलंय ते जगजाहीर आहे. मांडवीच्या खोऱ्यात लोखंडाच्या खाणी, पणजीत नदीवर तरंगणारे कॅसिनो. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. २०२३ मध्ये हायकोर्टानं सांगितलं तिथं व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, तर गोवा सरकार त्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणजे कर्नाटकाला अडवायला जंगल पाहिजे, स्वतःवर बंधन आलं की जंगल नको. त्यामुळं गोव्याचं बरोबर आणि धारवाडचं चूक, असला निवाडा माझ्याच्यानं होणार नाही. दोघं पण पाण्याकडं बघायलेत, डोंगराकडं कुणी बघत नाही.

आणि आपण मराठी लोक? सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालात खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती, ते आमच्या पोराटोरांना पण पाठ. सीमाप्रश्न माझ्या दृष्टीनं खरा आहे, अन्याय खरा आहे, त्यात मागंपुढं नाही. पण ज्या तालुक्यासाठी एवढी वर्षं लढलो त्या तालुक्यातल्या नदीबद्दल आमच्या किती सभांत ठराव झाला? मागायचा आहे तो नुसता नकाशावरचा तालुका, का तिथली माती, पाणी, देवराया सकट? खानापूर उद्या महाराष्ट्रात गेलं तर तिथं वाळूचे खड्डे बंद होतील असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा कोल्हापूर-सांगलीच्या नद्या बघून याव्यात.

या सगळ्यात सगळ्यात अवघड प्रश्न जंगलातल्या गावांचा, आणि इथं पर्यावरणवाल्यांचं माझं जमत नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटर. बारापेडेच्या गुहेतलं ते दुर्मिळ वटवाघूळ, ज्याचं जगात हे एकच ठिकाण असं कित्येक वर्षं मानायचे, ते इथलंच. पण त्याच जंगलात गवळी, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव, पास्तोली अशी गावं पण आहेत. पावसाळ्यात आमगावातनं आजारी माणसाला खांद्यावर घालून चिखलातनं, ओढ्यावरच्या लाकडी साकवावरनं बाहेर आणायला लागतं. अशा माणसाला शहरात बसून सांगायचं की रस्ता मागू नको, जंगल तुटेल? त्याला राग येतो आणि तो बरोबर येतो. पश्चिम घाट राखायचा म्हणून गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, त्यानंतर केंद्रानं घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर मसुदे काढले, २०२४ च्या जुलैत सहावा. दर वेळी गावात एकच बातमी पोचते, की आता घर दुरुस्त करायला पण परवानगी लागणार. खरं काय खोटं काय समजावून सांगायला कोण येतं? कोणी नाही. जाणकार मुंबई-बेंगळुरात, मसुदा इंग्रजीत, आणि गावात फक्त ग्रामपंचायतीचा विरोधाचा ठराव, तो पण कुणीतरी टाइप करून आणून दिलेला.

तरी पण एक विचारतो. गावकऱ्यानं कळकाची एक मोळी आणली तर गार्ड नाव लिहून घेतो, आणि जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्याला रिसॉर्टं उभी राहतात, बोअर मारतात, डोंगर सपाट करून स्विमिंग पूल करतात, तेव्हा हाच कायदा कुठं जातो? म्हणजे गाव उठवायचं, जंगल 'मोकळं' करायचं, मग तिथनं पाइपलाइन न्यायची आणि कडेला रिसॉर्ट. १९२१ ला मुळशीला धरणासाठी असंच सांगितलं होतं, मुंबईला वीज पाहिजे, देशाचं काम आहे, मावळ्यांनी जागा द्यावी. सेनापती बापट लढले, धरण झालंच. वीज मुंबईला गेली, जमीन मावळ्यांची गेली. गाव स्वतःहून जायला तयार असेल, चांगली जमीन, पोरांना शाळा मिळत असेल, तर जाऊ दे, तळेवाडीसारख्या ठिकाणी लोकांनी तसा विचार केलाय आणि तो त्यांचा हक्क आहे. पण जे राहायचं म्हणतात त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क द्या, साकव पक्का करा, पावसाळ्यात तिथं एक नर्स ठेवा, आणि त्या बदल्यात झऱ्यांची, देवरायांची राखण त्यांच्याकडं सोपवा, पगार देऊन. गव्यानं भात खाल्लं तर भरपाई त्याच हंगामात हातात पडू दे, पुढच्या वर्षी कागद फिरत नको. डोंगर राखणारा माणूस डोंगरावर राहिला तरच खाली नदीला पाणी राहील, हे सरकारी भाषेत लिहायचं असेल तर 'पाणलोट व्यवस्थापन' म्हणा.

मग हुबळीला पाणी नको का, असं शेवटी कुणीतरी विचारणारच. पाहिजे की! २००८ च्या सुमाराला हुबळी-धारवाड, बेळगाव, गुलबर्ग्यात काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग केला, जुने पाइप काढून नवे घातले, घराघरात मीटर बसवले, आणि त्या वॉर्डांत पाणी चोवीस तास आलं. त्यासाठी कुठली नवी नदी आणली नव्हती. तेच सगळ्या शहरात आधी पुरं करा. नविलतीर्थमधलं पिण्याचं पाणी ऑक्टोबरातच बाजूला काढून ठेवा, मग उरलेल्याचं आवर्तन ठरवा, आणि आवर्तन शेवटच्या टोकापासून सुरू करा. नरगुंदच्या ज्वारीला, हरभऱ्याला हमीभावानं खरेदी करा म्हणजे तो ऊस लावणार नाही. खानापूरपासून खाली काठावरच्या प्रत्येक गावाला सांडपाण्याचा प्लांट द्या, वाळूचे पंप उचला. यातल्या कशाला पण ट्रिब्युनल लागत नाही, दिल्लीची वन्यजीव मंजुरी लागत नाही, गोव्याला विचारायला लागत नाही. फक्त साखर कारखानदार आणि वाळूवाले नाराज होतात, आणि त्यांच्यातले निम्मे तर निवडणुकीला उभेच असतात. घोडं तिथंच पेंड खातंय.